चुना उडाला, सर

पालाट्का, फ्लोरिडा
सोमवार, ९ मार्च १९८७

थर्मन,

हे पत्र लिहायचं दोन वर्षं ढकलत आलो. आधी कागद नव्हता. कागद मिळाला तेव्हा टेक्ससला कोळंबीच्या होडीवर होतो, दिवसभर हात खाऱ्या पाण्यात, बोटं पावासारखी फुगायची. तिथून लुइझियानात गेलो. तिथं एका माणसानं मला उसाच्या ट्रॅक्टरवर बसवलं आणि दोन दिवसांत उतरवलं, त्याची एक वेगळीच गंमत आहे, ती नंतर कधीतरी. सांगायचं काय, तर कारणं सगळी खरी आहेत, आणि त्यातल्या एकामुळेही पत्र अडलं नव्हतं.

पहिल्या वर्षी तू माझ्या वहीत तुझ्या आईच्या घरचा बेकलीचा पत्ता लिहून दिला होतास, तोच घातलाय. पाकिटावर नाव चांगलं ठळक लिहिलं, थर्मन लिगन. क्रेगमोर अकॅडमीच्या फाटकाच्या आत ते घ्यायला बंदी आहे, म्हणून बाहेर जरा जास्तच मोठं लिहिलं. पोस्टातली बाई म्हणाली, "एवढी मोठी अक्षरं? दिसत नाही का त्याला?"

म्हटलं, "दिसतं, मॅम. जरा जास्तच दिसतं."

इथं मी एका छोट्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर कामाला आहे. सकाळी गवताला पाणी, मग माती ओढायची, मग चुन्याची गाडी ढकलत रेषा मारायच्या. माझ्या रेषा वाकड्या येतात. मुकादम म्हणतो, "हॅकेट, तू रेषा मारतोस की सापाच्या मागे पळतोस?" त्याला काय सांगू. चुना बघितला की माझा हात जागेवर राहत नाही.

जेवणाच्या सुट्टीत एकदा या लोकांना आपल्या क्रेगमोरची रीत सांगितली. म्हटलं, आमच्याकडे सामना संपला की संघाचा नोंदकारकून, म्हणजे सार्जंट पेल्फ्री, वही घेऊन होम प्लेटवर उभा राहतो. शंका असलेला एकेक चेंडू वाचतो. ज्याचा चेंडू त्यानं टोपी काढून पुढं यायचं आणि सांगायचं, "घेतला, सर" किंवा "नाही घेतला, सर". अंपायर काहीही म्हणो, वहीत जातो तो आमचा शब्द. शब्दानं निकाल फिरला तर दुसऱ्या कॉलेजला फोन करून जिंकलेला सामना परत द्यायचा. याला आम्ही 'विचारणं' म्हणतो. ऐकून सगळे लोळले. एक जण म्हणाला, "आणि असं किती वेळा परत दिलात?" म्हटलं, पंचाहत्तर वर्षांत अकरा वेळा. तो म्हणाला, "म्हणजे बाकीच्या वेळी खोटं बोललात." पुन्हा सगळे हसले. मीही हसलो.

बरं, पत्र आत्ताच का, ते सांगतो. माझी बहीण डोरीन, माझं टपाल तिच्याकडे साठतं, तिनं एक पाकीट पुढं पाठवलं. क्रेगमोरच्या बेसबॉल संघाला यंदा शंभर वर्षं होतात. सार्जंटच्या सगळ्या वह्यांवरून संघाचा इतिहास छापणार आहेत. पहिलं प्रकरण आजोबांच्या १९११ च्या झेलाचं आणि शेवटचं माझ्या १९८५ च्या झेलाचं. शनिवारी, २५ एप्रिलला किंग्जबरी कॉलेजशी सामना आहे, त्याआधी मी मैदानावर यायचं, आजोबांच्या पितळी पाटीखाली फोटो काढायचा. पुस्तक सोमवारी छापखान्यात जाईल.

पुस्तकात तू नसणार. तुझे फटके असतील, तुझ्या धावा असतील, पण त्या मारणारा कुणी नसेल.

त्या चेंडूबद्दल आज काही लिहीत नाही. पाऊस येईलसं दिसतंय, ताडपत्री घालायला बोलावतायत.

लायल


वेक्रॉस, जॉर्जिया
रविवार, २९ मार्च १९८७

थर्मन,

पाऊस आला नव्हता. ताडपत्रीचंही कुणी बोलावलं नव्हतं.

ते काम सोडलं. उत्तरेकडे निघालो, म्हणजे निघायचं ठरवून निघालो, पण वाटेत मधमाश्यांच्या पेट्या नेणारा एक ट्रकवाला भेटला. त्याला संत्र्याच्या बागेतून पेट्या हलवायला माणूस हवा होता. मी तीन दिवस म्हणून चढलो, चौदा दिवस राहिलो. कानाला दोनदा चावल्या. हा माणूस माश्यांशी बायकोसारखं बोलतो आणि बायकोशी अजिबात बोलत नाही. असो. आज तिची बहीण जेवायला आलीय, घरात आवाज चढलाय, मी मागच्या पायरीवर बसून हे लिहितोय, आणि आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

४ मे १९८५, किंग्जबरीशी सामना, नववा म्हणजे शेवटचा डाव. आपण एका धावेनं पुढं, त्यांचे दोन बाद, त्यांची दोन माणसं बेसवर. तू मधे, मी डावीकडे. चेंडू डाव्या रेषेकडे खाली खाली येत गेला. मी झेपावलो. चेंडू रेषेवर पडला, टप्पा घेतला आणि मग माझ्या ग्लोव्हमध्ये आला.

एवढंच, थर्मन. टप्पा पडला होता.

ग्लोव्ह वर करायचं मी ठरवलं नव्हतं, हात आपोआप वर गेला. अंपायर लांब होता, त्यानं आउट दिलं. तेवीस वर्षांनी आपण किंग्जबरीला हरवलं. सगळे अंगावर पडले, तळाशी मी, आणि माझ्या बाहीवर चुना. मी तो तिथंच, पोरांच्या ढिगाऱ्याखाली, झटकला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हात आपोआप वर गेला असं म्हणता येतं, पण बाही मी मुद्दाम झटकली.

मग सार्जंट वही घेऊन उभा राहिला. "नववा डाव, शेवटचा चेंडू. हॅकेट."

टोपी काढून पुढं गेलो. तिथून समोर भिंतीवर आजोबांची पाटी दिसते. ते झेल घेताना मैदानाकडेच्या खड्ड्यात कोसळले तेव्हा चेंडू ग्लोव्हमधून निसटला होता, अंपायरला दिसलं नव्हतं, आणि आजोबांनी स्वतः चालत येऊन सांगितलं, नाही घेतला. सामना गेला. रीत तिथून सुरू झाली. लहानपणी त्या गोष्टीशिवाय मला कुणी झोपवलं नाही. त्या पाटीकडे बघत मी म्हणालो, "घेतला, सर." आवाज छान निघाला. सगळ्यांचे डोळे भरले. बाबांचेसुद्धा, आणि बाबा आईच्या मयतीला रडले नव्हते.

खोलीवर आल्यावर तू बूट काढत म्हणालास, "लायल, चुना उडाला रे."

मी म्हणालो, "माझ्या पायानं उडाला असेल."

"पाय तुझे मागे होते."

"मग तू काय म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही. तू जाऊन म्हण. तीन दिवस थांबतो."

तीन दिवस तू माझ्याशी नेहमीसारखा वागलास. माझ्या वाटणीचे बूटसुद्धा घासलेस. याचा मला अजून राग येतो. आपल्या नियमात शेवटी एक ओळ आहे, जो खोटं बोलतो त्याला पाठीशी घालणाराही गुन्हेगार. तुझ्यापुढं दुसरी वाट नव्हती हे मला माहीत होतं, आणि मी त्या तीन दिवसांत पोहायला गेलो, पत्ते खेळलो, न्यायमंडळाच्या खोलीवरून रोज दोनदा गेलो.

चौथ्या दिवशी तू लेखी दिलंस. 'चेंडू जमिनीला लागला होता.' मग न्यायमंडळाची, आपल्याच वयाची ती पाच पोरं टेबलामागे बसली. मला विचारलं, मी म्हणालो, "घेतला, सर." हॅकेटच्या घरातलं पोरगं याबाबतीत खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग तुला विचारलं, "लिगन, चेंडू जमिनीला लागताना तू पाहिलास?"

हो म्हण लेका, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. खरंच. एकदा हो म्हणाला असतास तर माझं काहीतरी झालं असतं आणि सुटलो असतो. पण तू सरळ उभा राहून म्हणालास, "चुना उडाला, सर. तेवढं पाहिलं."

"चेंडू लागताना पाहिलास की नाही?"

"मधे हॅकेटचा खांदा होता, सर. चुना उडताना पाहिला."

"मग लेखी काय दिलंस?"

"चुन्यावरून तसं लिहिलं, सर."

तेवढ्यावर ठरलं. लेखी एक, तोंडी एक, म्हणजे खोटा आरोप. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात हा प्रश्न विचारला असता तर पोरगं सरळ हो म्हणालं असतं, आणि ते खरंच असतं. तू जेवढं पाहिलं तेवढंच बोललास, आणि मी, ज्यानं सगळं पाहिलं, त्यानं सगळ्यांना चुना लावला.

तुला काढून टाकलं, सकाळच्या हजेरीला ढोल वाजले. तुझं नाव शेवटचं घेतलं आणि पुन्हा घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. मी दुसऱ्या रांगेत होतो. तू बघितलं नाहीस. त्या वर्षीच मी सोडून आलो. सगळे समजले, हॅकेटचं पोरगं फिरस्तं आहे, एका जागी टिकत नाही. तेही खोटं नाही, पण आधी मी टिकायचो, तुला आठवत असेल.

आत भांडी आपटतायत. तिची बहीण निघाली वाटतं.

लायल


ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलिना
मंगळवार, १४ एप्रिल १९८७

थर्मन,

तुझं उत्तर नाही. पाकिटामागे डोरीनचा पत्ता टाकलाय, तिच्याकडे चौकशी करतो, ती म्हणते, "कुणाच्या पत्राची एवढी वाट बघतोयस, पोरगी आहे का?" सांगत नाही. तिलाही सांगायचं आहे, बाबांनाही सांगायचं आहे. यादी लांब आहे आणि मी प्रत्येक गावात ती पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.

इथं एका सर्कशीत तंबू उभारायला लागलोय. हत्ती एकच आहे आणि तोही आजारी. त्याचं नको, भरकटतोय.

काल सार्जंट पेल्फ्रीला फोन केला. सत्त्याहत्तर वर्षांचा झाला म्हातारा, अजून पहिल्या घंटीला उचलतो.

"पेल्फ्री."

"सर, लायल हॅकेट."

"हॅकेट. कुठं असतोस? मागं काय वाजतंय?"

"हत्ती आहे, सर."

तो म्हणाला, "दारू पितोस का?"

"नाही, सर. सर, मला १९८५ च्या सामन्याबद्दल बोलायचंय. थर्मन लिगननं जे—"

"ते नाव मला ऐकू आलं नाही."

"मग काय म्हणू, सर?"

"मधला म्हण. सगळे तेच म्हणतात."

"सर, मधल्यानं जे सांगितलं होतं, त्या चेंडूचं—"

"थांब, हॅकेट. हे विचारणं आहे का?"

"हो, सर. म्हणजे, मला विचारावं अशी विनंती आहे."

"फोनवर तू टोपी काढलीस की नाही ते मला कसं कळणार?"

मी खरोखर टोपी काढली. सांगितलंही, काढली. तो म्हणाला, "मला दिसत नाही. शब्द मी फोनवर घेत नाही, कागदावर घेत नाही. मैदानावर घेतो. पंचवीस तारखेला सामना एक वाजता आहे, साडेबाराला वही उघडतो. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं तेव्हा पुढं यावं. सोमवारी वह्या छापखान्यात जातील. मग त्या माझ्या राहत नाहीत."

मला वाटलं ठेवला. ठेवला नव्हता. मग म्हणाला, "ज्यांची नावं काढली त्यांच्यावर मी पांढरी पट्टी चिकटवतो, हे तुला ठाऊक आहे. शंभर वर्षांत सतरा जण. सगळ्यांना डिंक लावलाय."

"हो, सर."

"मधल्याला टाचण्या लावल्यात. एकोणचाळीस पानं, एकोणचाळीस टाचण्या. म्हातारा झालो, डिंक भांड्यात वाळून जातो." आणि ठेवला.

थर्मन, त्याच्याकडे डिंक कधीही वाळत नाही. तो माणूस पेन्सिलीची टोकं मोजून ठेवतो.

म्हणजे आता असं आहे. मी साडेबाराला पुढं गेलो तर तुझ्या टाचण्या निघतील. न्यायमंडळाला तुझा निकाल फिरवावा लागेल, तुझं नाव पुन्हा ढोलाच्या जागेवरच घ्यावं लागेल. किंग्जबरीला सामना परत जाईल. आणि पट्टी माझ्या नावावर येईल, डिंकानं. आजोबांच्या पाटीशेजारी बाबा दरवर्षी फोटो काढतात, ते बंद होईल. आणि मी गेलो नाही तर सोमवारी सगळं छापून पक्कं.

जाणार आहे. दिवस पुरेसे आहेत, पण मला माहीत आहे मी कसा आहे, म्हणून आजच निघतो. पंचवीसला सकाळी फाटकासमोरच्या लॉटीच्या खानावळीत बसेन, आपण पेकनच्या गोड 'पाय'चे तुकडे खायचो तिथं, खिडकीजवळ. तुला यायचं असेल तर ये. मारायचं असेल तरी ये. नुसतं लांबून बघायचं असेल तर तिथली खिडकी मोठी आहे.

लायल


क्रेगमोर, व्हर्जिनिया
शनिवार, २५ एप्रिल १९८७, सकाळचे सव्वादहा

थर्मन,

पोचलो. गुरुवारीच पोचलो. गुरुवारी फाटकापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा नदीवर गेलो. काल एका शेतकऱ्याला गाडीत वासरू चढवायला मदत केली. वासरू चढेना, मी मागून ढकलत होतो, तो म्हणाला, "तूच घाबरलायस, म्हणून ते घाबरतंय." मग त्याच्या घरी जेवलो, मग त्याचं छप्पर बघायला वर चढलो, कारण त्यानं विचारलं म्हणून. मला कुणीही काहीही विचारलं की मी हो म्हणतो. फक्त एकदा हो म्हणायचं नव्हतं तिथंही म्हणालो.

लॉटी तशीच आहे, केस मात्र पांढरे झालेत. तिसरी कॉफी ओतताना म्हणाली, "साखर घाल की. फाटकाकडे बघून गोड होत नाही ती."

"बस कितीला आहे, मॅम?"

"कुठली?"

"कुठलीही."

"रोआनोकची अकरा वीसला. सामना बघणार नाहीस? शंभर वर्षं झाली म्हणे. सगळं गाव जातंय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू तो झेलवाला ना?"

मी म्हणालो, "नाही, मॅम."

बघ, लेका. दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो आणि तेही तिला खोटं वाटलं. हसली आणि 'पाय'चा तुकडा फुकट आणून ठेवला, "घरचाच आहेस" म्हणत. तो समोर पडलाय. खाववत नाही.

कॅडेट्स पांढऱ्या पँट घालून जातायत, एकीकडे माणसं खुर्च्या नेतायत. मघाशी बाबांची गाडी आत गेली. त्यांनी टाय लावला होता. मला बघितलं नाही. बाबा त्या पाटीखाली उभे असतील, वही उघडेल, आणि सार्जंट हाक मारेल, आणि मी बाबांच्या तोंडाकडे बघत ते बोलायचं. हे कुठल्या पत्रात लिहिलं नव्हतं कारण हे कालपर्यंत सुचलंच नव्हतं. ते आजच येतील हेच डोक्यात आलं नव्हतं.

तू आला नाहीस. दार उघडलं की मान वर जाते. एकदा पेपरवाला, एकदा दोन म्हाताऱ्या, एकदा वारा.

पिशवी पायाशी आहे. खरं सांगतो, ती बांधलेली आहे. अकरा वीसच्या बसला अजून तासभर. मी असं करीन, सार्जंटला चिठ्ठी लिहून लॉटीकडे ठेवीन. तो कागदावर घेत नाही, पण वाचेल तर खरा. नाहीतर


सव्वाअकरा

मधे थांबलो कारण तुझी आई आली.

आधी कळलंच नाही कोण. शाळेच्या बसचालकांचं निळं जाकीट, हातात गाडीची किल्ली. सरळ माझ्या टेबलाशी आली.

"लायल हॅकेट?"

"हो, मॅम."

"फोटोत उंच दिसतोस." समोर बसली. "मी मिसेस लिगन. पहाटे चारला निघालेय. डोंगरात धुकं होतं."

मी उठलो होतो, तो तसाच उभा. म्हटलं, "थर्मन बाहेर आहे का?"

"थर्मन मागच्या ऑगस्टपासून घरी नाही."

"मग माझी पत्रं, मॅम?"

"मी फोडली. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं, माहितीय मला. त्यानं कधी फोडलं नसतं. बस खाली, सगळे बघतायत."

बसलो. लॉटीनं तिच्यापुढं कॉफी ठेवली. तिनं ती पूर्ण प्यायली, मग बोलली.

"पहिलं वाचलं तेव्हा शेगडीत टाकणार होते. दुसरं तीनदा वाचलं." मग किल्ली टेबलावर ठेवली. "तो घरी आला तेव्हा मला एवढंच म्हणाला, आई, मी पाहिलं तेवढंच बोललो. मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, अरे मूर्खा, चेंडू पडताना पाहिला म्हणाला असतास तर कुणाचं काय गेलं असतं. माझ्या पोराला मी असं म्हणाले. त्यानंतर वर्षभर तो घरात होता आणि माझ्याशी मीठ दे, दार लाव, याच्यापलीकडे बोलला नाही. मग गेला."

मी विचारलं, "कुठं असतो, मॅम?"

"मला ठाऊक आहे. तुला नाही."

"पत्ता द्याल?"

"आधी आत जाऊन बोल. मी शेजारी उभी राहते, मला ते माझ्या कानांनी ऐकायचंय. ते ऐकून मी त्याला पत्र लिहिणार आहे, माझं माझं. तुझं हे जे काय चाललंय ते त्याच्याखाली जाईल."

"माझे बाबा आत आहेत, मॅम."

"असू देत. मीही कुणाची तरी आई आहे."

ती आता हात धुवायला गेलीय, तेवढ्यात हे खरडतोय. रोआनोकची बस समोर येऊन उभी राहिलीय, चालकानं दोनदा हॉर्न दिला. लॉटी माझ्याकडे बघतेय, मी मान हलवून नाही म्हटलं.

पाकिटावर तुझं नाव लिहिलं. खालची जागा मोकळी ठेवलीय. तुझी आई म्हणते, ती एक वाजता भरू.

लायल